वाचकांचे प्रश्न: अमेरिकेत मानसिक आरोग्याची नर्स प्रॅक्टिशनर होताना

अमेरिकेत मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या नर्स प्रॅक्टिशनरला, म्हणजे पीएमएचएनपीला, निदान करता येतं, औषधं लिहून देता येतात आणि मानसोपचारही करता येतात. हे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतले सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं देत आहोत.

प्रश्न: मी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग पदवीधर आहे. मुंबईत मनोरुग्ण विभागात चार वर्षं काम केलं आहे. थेट अमेरिकेत जाऊन पीएमएचएनपीला प्रवेश घेता येईल का? माझी मैत्रीण जीएनएम आहे, तिचं काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: तुमची पदवी चालेल, पण आधी अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्सचा, परवाना मिळवावा लागेल. जवळपास सगळी विद्यापीठं तो प्रवेशाच्या वेळी किंवा क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचं प्रशिक्षण, सुरू होण्यापूर्वी मागतात. सुरुवात शैक्षणिक कागदपत्रांच्या मूल्यांकनापासून करा. बहुतेक राज्यं त्यासाठी सीजीएफएनएस या परदेशी नर्सेसची कागदपत्रं तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल मागतात. त्यानंतर परवान्यासाठीची एनक्लेक्स-आरएन परीक्षा. ती संगणकावर होते, तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न ठरतो, प्रश्न ८५ ते १५० असतात आणि वेळ पाच तास. तिची केंद्रं भारतातही आहेत.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते कागद. गुणपत्रकं आणि विषयवार तासांचा तक्ता विद्यापीठाकडून किंवा कॉलेजकडून थेट जावा लागतो, नोंदणीची पडताळणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून. तुमच्या हातून गेलेली प्रत बाद होते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट, गुणपत्रक आणि कौन्सिलचं प्रमाणपत्र यांतल्या नावांचा मेळ आधीच घालून घ्या. एका अक्षराच्या फरकानेही फाइल अडकून पडते.

मैत्रिणीला जीएनएमवर बहुतेक राज्यांत एनक्लेक्स देता येईल, पण जीएनएम हा डिप्लोमा आहे, बॅचलर पदवी नाही. तिने पोस्ट बेसिक बी.एस्सी. पूर्ण करावं किंवा अमेरिकेत आरएन-टू-बीएसएन (आरएनसाठीचा बॅचलर अभ्यासक्रम) करावं. काही विद्यापीठांत आरएन-टू-एमएसएन असा थेट मास्टर्सपर्यंतचा जोडअभ्यासक्रमही असतो.

आता व्हिसाची अडचण. पीएमएचएनपीचे बरेचसे अभ्यासक्रम पूर्ण किंवा बहुतांशी ऑनलाइन आहेत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्ण वेळेच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय, म्हणजे तीन क्रेडिट्स, धरता येतात. त्यामुळे जाहिरातीत दिसणारे बहुतेक अभ्यासक्रम एफ-१ वाल्यांसाठी नाहीतच. वर्गात बसून शिकवणारे शोधावे लागतात आणि ते थोडे आहेत. अनेक भारतीय नर्सेस आधी आरएन म्हणून नोकरीच्या व्हिसावर जातात आणि मग शिकतात. वाट लांबची आहे, भारतीयांसाठी रांगही मोठी आहे, पण पैशाच्या दृष्टीने आम्हाला तीच जास्त सुरक्षित वाटते. मुंबईतला तुमचा चार वर्षांचा अनुभव मात्र खरं भांडवल आहे. कोणत्या वयाचे, कोणत्या आजारांचे रुग्ण पाहिले, रोज किती रुग्ण होते, हे विभागप्रमुखांच्या पत्रात नेमकेपणाने लिहून घ्या.

प्रश्न: मी न्यू जर्सीत आरएन आहे. चार विद्यापीठांची माहितीपत्रकं आली आहेत, सगळीकडे सारखंच लिहिलं आहे. एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) करावं की थेट डीएनपी (डॉक्टरेट)? आणि निवड कशावर करावी? (एक वाचक, एडिसन)

उत्तर: डीएनपीचं आधी सांगतो. नर्स प्रॅक्टिशनर होण्यासाठी २०२५ पर्यंत डीएनपी हीच पात्रता व्हावी, अशी हाक अध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये दिली होती. तो कायदा झालेला नाही. प्रमाणपत्र देणारी एएनसीसी ही संस्था आजही एमएसएन मान्य करते. विद्यापीठात शिकवायचं किंवा व्यवस्थापनात जायचं असेल तर डीएनपी जरूर करा. रुग्ण पाहणं हेच ध्येय असेल तर एमएसएन करून कामाला लागा, डीएनपी मागाहूनही होतं.

निवडीसाठी माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि प्रवेश विभागाला आम्ही देतो ते प्रश्न ईमेलने विचारा. उत्तरं लेखी हवीत.

पहिला आणि सगळ्यांत मोठा प्रश्न: माझा प्रिसेप्टर कोण शोधणार? प्रिसेप्टर म्हणजे ज्यांच्या देखरेखीखाली तुम्ही प्रत्यक्ष रुग्ण पाहणार ते पीएमएचएनपी किंवा मनोविकारतज्ज्ञ. "आम्ही मदत करतो" हे उत्तर नव्हे. मदत म्हणजे कित्येकदा फोन नंबरांची जुनी यादी असते. शोध विद्यार्थ्यावर सोडला की दर सत्राआधी शेकडो ईमेल पाठवण्याची पाळी येते. कुणी मिळालं नाही तर सत्र वाया जातं, पदवी लांबते, काही जण दलालांना पैसे देऊन जागा मिळवतात. तेव्हा असं विचारा: "गेल्या वर्षी माझ्या राज्यातल्या किती विद्यार्थ्यांना विद्यापीठाने स्वतः जागा दिली आणि जागा न मिळाल्याने किती जणांचं सत्र पुढे गेलं?" ज्यांच्याकडे हा हिशेब असतो ते सांगतात. टाळाटाळ झाली तर ते विद्यापीठ यादीतून काढा, भलेही फी कमी असो.

दुसरा प्रश्न तासांचा. एएनसीसीच्या परीक्षेला बसायला किमान ५०० देखरेखीखालचे क्लिनिकल तास लागतात, पण नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणाच्या २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी हा आकडा ७५० वर नेला. हे तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचेच. बाहुल्यांवरचा किंवा संगणकावरचा सराव त्यात धरत नाहीत. विद्यापीठ अजून ५०० वरच थांबलं असेल तर पुढचा बेत विचारा.

तिसरा: मान्यता. नर्सिंगच्या पदव्या तपासणाऱ्या सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए या संस्थांपैकी एकीची मान्यता विद्यापीठालाच नव्हे, तर या पदवीला आहे का, ते पाहा. मान्यता नसली तर परीक्षेचं दार बंद.

चौथा: राज्य. ऑनलाइन विद्यापीठ दुसऱ्या राज्यात असलं तरी रुग्ण तुम्ही तुमच्या राज्यात पाहणार. त्या राज्यात क्लिनिकल घेण्याची परवानगी विद्यापीठाकडे आहे का? पदवीच्या आधी घर बदलायची शक्यता असेल तर नव्या राज्याबद्दलही विचारून ठेवा. नवऱ्याची बदली झाली आणि नव्या राज्यात त्या विद्यापीठाला परवानगीच नाही, ही अडचण आपल्याकडच्या कुटुंबांत वारंवार दिसते.

जागा विद्यापीठ देणार असलं तरी कोणत्या प्रकारच्या जागा, हेही विचारा. सगळे तास एकाच दवाखान्यात, पंधरा-पंधरा मिनिटांच्या औषध-तपासणीत गेले, तर पदवी हाती येईल पण नव्या रुग्णाची तासभराची पहिली मुलाखत एकट्याने घेता येणार नाही. ही पदवी लहान मुलापासून वृद्धापर्यंत सर्व वयांसाठी असते. म्हणून मुलं, प्रौढ, वृद्ध, व्यसनमुक्ती आणि भरती रुग्ण यांचा थोडा थोडा अनुभव मागून घ्या. मुलांच्या जागा सगळ्यांत दुर्मीळ असतात, त्यांची विचारणा सगळ्यांत आधी करा.

प्रश्न: माझी टीबीची त्वचा-चाचणी पॉझिटिव्ह आली आणि रुग्णालयाने क्लिनिकल थांबवलं. मला टीबी कधीच झाला नाही. (एक वाचक, शिकागो)

उत्तर: लहानपणी टीबीची बीसीजी लस घेतलेल्यांची त्वचा-चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याऐवजी रक्ताची आयजीआरए चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच, कारण सुप्त टीबीवर उपचार आहेत. याच फाइलमध्ये हेपॅटायटिस बी आणि गोवर-गालगुंड-रुबेला यांची अँटिबॉडी पातळी, पार्श्वभूमी तपासणी, अमली पदार्थ चाचणी आणि चालू बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण प्रशिक्षणाचं) कार्ड लागतं. हेपॅटायटिस बीची पातळी कमी निघाली आणि लसीची मालिका पुन्हा घ्यावी लागली तर काही महिने जातात, म्हणून रक्त आधीच तपासून घ्या.

प्रश्न: मी रात्रपाळीत पूर्ण वेळ नोकरी करते, दोन लहान मुलं आहेत. विद्यापीठ म्हणतं नोकरी सांभाळून होतं. खरंच होतं का? (एक वाचक, अटलांटा)

उत्तर: थिअरीची सत्रं होतात. क्लिनिकलच्या सत्रांचा हिशेब मांडून पाहा. आठवड्याला १६ तास, म्हणजे दोन पूर्ण दिवस, १५ आठवड्यांचं सत्र: २४० तास. अशी तीन सत्रं केली तरी ७२० होतात, ७५० ला ३० कमी पडतात. आणि हे दोन दिवस प्रिसेप्टरच्या वेळेत, म्हणजे बहुधा सोमवार ते शुक्रवार दिवसा. रात्रपाळी संपवून सकाळी आठला आत्महत्येचा धोका तपासणारी मुलाखत घेणं रुग्णासाठी घातक आहे. हे आम्ही मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी हे कुणी सांगत नाही. क्लिनिकलच्या तीन सत्रांसाठी अर्धवेळ किंवा फक्त शनिवार-रविवारची पाळी मिळेल का, हे वरिष्ठांशी आत्ताच बोला. नसेल तर पार्ट-टाइम प्रवेश घ्या आणि तीन-चार वर्षांत पूर्ण करा. एका वर्षाच्या उशिराने काहीही बिघडत नाही.

प्रश्न: मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे, टेक्सासमध्ये. पुन्हा सगळं शिकावं लागेल का? (एक वाचक, डॅलस)

उत्तर: नाही. तुमच्यासाठी पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट आहे, साधारण एक ते दीड वर्षाचं. प्रगत पॅथोफिजिओलॉजी, शारीरिक तपासणी आणि औषधशास्त्र हे तीन पायाभूत विषय तुम्ही केले आहेत, ते बहुतेक ठिकाणी मान्य होतात. फार जुने असतील तर औषधशास्त्र पुन्हा करायला सांगतात आणि ते योग्यच आहे. पण आधीचे क्लिनिकल तास चालत नाहीत. परीक्षेसाठी मानसिक आरोग्याचे ५०० तास नव्याने लागतातच.

टेक्सासबद्दल एक गोष्ट नोकरी स्वीकारण्याआधी समजून घ्या. तिथे डॉक्टरांशी लेखी करार असल्याशिवाय औषधं लिहिता येत नाहीत. शेड्यूल-२ ची, म्हणजे कडक नियंत्रणाखालची, औषधं तर नर्स प्रॅक्टिशनरला रुग्णालयातल्या ठरावीक परिस्थितीत आणि हॉस्पिसमध्येच (अखेरच्या आजारातल्या रुग्णांच्या सेवेत) लिहिता येतात. एडीएचडीची मेथिलफेनिडेट आणि ॲम्फेटामिन ही उत्तेजक औषधं याच वर्गात मोडतात. म्हणजे मुलांचा बाह्यरुग्ण विभाग चालवायचा तर त्या गोळ्यांसाठी डॉक्टरच लागणार. वॉशिंग्टन, ओरेगन, ॲरिझोना यांसारख्या राज्यांत असं बंधन नाही. न्यू यॉर्कमध्ये ३६०० तासांच्या अनुभवानंतर करार सुटतो.

प्रश्न: हे शिक्षण म्हणजे गोळ्या लिहायला शिकणं एवढंच आहे का? मला रुग्णांशी बोलायला आवडतं. (एक वाचक, बॉस्टन)

उत्तर: बोलणं हा अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे. किमान दोन मानसोपचार पद्धतींचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतल्याशिवाय एएनसीसी परीक्षेला बसू देत नाही. बहुधा सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी पद्धत) आणि प्रेरक मुलाखत या दोन शिकवतात. त्यासाठी मुलाखतीचा शब्दशः वृत्तांत लिहून पर्यवेक्षकाकडून वाक्यावाक्याने तपासून घ्यावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण आपण रुग्णाला मध्येच तोडतो, घाईने धीर देतो, "का" विचारून त्याला बचावाच्या पवित्र्यात ढकलतो, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

औषधांच्या बाजूला नावं आणि डोस पाठ करणं पुरत नाही. कोणतं औषध कुठे फसतं ते कळावं लागतं. बायपोलर आजारातल्या लिथियमचंच घ्या. रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी आणि डोस बदलल्यावर साधारण पाच दिवसांनी पाहायची. देखभालीच्या काळात ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर ठीक, १.५ च्या वर विषबाधेची भीती. रुग्ण सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेला तर आकडा फुगतो आणि नवखी व्यक्ती डोस उगाच कमी करते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन, रक्तदाबाची एसीई इनहिबिटर किंवा थायझाइड गोळी यांनी पातळी खरोखरच चढते. म्हणून "आणखी काय घेता?" या प्रश्नात दुकानातून आणलेल्या आणि घरच्या औषधांचं नाव घेऊन विचारायचं. जोडीला मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमच्या तपासण्या ठरलेल्या.

त्याच आजारातलं लॅमोट्रिजिन दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, मग वाढवत न्यायचं. घाई केली तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारखी जीवघेणी पुरळ उठू शकते. रुग्ण व्हॅल्प्रोएटही घेत असेल तर सुरुवात निम्म्याने, २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड. साधारण पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्या पायरीपासून. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू झाली की लॅमोट्रिजिनची पातळी निम्म्यापर्यंत उतरू शकते, हे प्रत्येक तरुण रुग्णाला सांगायचं.

कार्बामाझेपिनच्या आधी आशियाई वंशाच्या रुग्णांत एचएलए-बी*१५०२ या जनुकाची तपासणी करायला एफडीए ही अमेरिकेची औषध नियामक संस्था सांगते, तेव्हा आपल्या समाजातला रुग्ण समोर असेल तर ती विसरू नका. स्किझोफ्रेनियातल्या क्लोझापिनची सक्तीची नोंदणी एफडीएने २०२५ मध्ये रद्द केली. रक्ततपासणी मात्र सुटलेली नाही: न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या सहा महिने दर आठवड्याला, पुढचे सहा महिने दर पंधरवड्याला, नंतर महिन्याला. आणि क्लोझापिनवरच्या रुग्णाला बद्धकोष्ठतेबद्दल दर भेटीत विचारा. आतड्याची हालचाल थांबून माणसं दगावली आहेत.

प्रश्न: मराठी येत असल्याने मला आपल्या लोकांवर उपचार करता येतील ना? (एक वाचक, सनीव्हेल)

उत्तर: येतील आणि त्याची फार गरज आहे. दोन गोष्टी मात्र पाळा. एक, विद्यार्थी असताना रुग्णालयाने तुमचं भाषाकौशल्य तपासून मान्यता दिल्याशिवाय दुभाष्याचं काम अंगावर घेऊ नका. मुलाला किंवा सुनेला मध्ये बसवून आजींची मुलाखत घेणं तर टाळाच. सुनेसमोर आजी झोपेबद्दल सांगतील, जगणं नकोसं झाल्याचं सांगणार नाहीत. प्रशिक्षित दुभाष्या मागवणं हा रुग्णाचा हक्क आहे. दुसरी, महाराष्ट्र मंडळात भेटणारी कुटुंबं रुग्ण म्हणून घेताना दहादा विचार करा. नात्यातल्या किंवा मैत्रीतल्या कुणासाठीही गोळी लिहू नका, एका महिन्याची झोपेची गोळीसुद्धा नाही. "तू घरचीच आहेस" म्हणून आग्रह होईल. तेव्हा दुसऱ्या चांगल्या तज्ज्ञाचं नाव द्या आणि तिथवर सोबत जा.

प्रश्न: कर्जाचं काय? (एक वाचक, फिनिक्स)

उत्तर: नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी: ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं केंद्रीय कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता केंद्रीय कर्ज वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १ लाख डॉलरपर्यंत. म्हणून प्रति क्रेडिट फी गुणिले क्रेडिट्स, त्यात क्लिनिकल फी आणि प्रवास मिळवून वर्षवार बेरीज करा. पदवीनंतर तुटवड्याच्या भागात काम केलं तर नर्स कोअर योजनेत दोन वर्षांत पात्र कर्जाच्या ६० टक्के आणि तिसऱ्या वर्षी आणखी २५ टक्के फेडले जातात. निवड स्पर्धेतून होते, ती मिळेलच असं धरून कर्ज काढू नका.

प्रश्न: परीक्षा आणि तिच्यानंतरच्या पायऱ्या सांगाल का? पदवीनंतर लगेच पगार सुरू होईल असं घरी सगळे धरून चालले आहेत. (एक वाचक, शार्लट)

उत्तर: एएनसीसीच्या परीक्षेतली प्रश्नसंख्या आणि वेळ तिच्या चालू माहितीपत्रकात पाहा. सगळ्याच प्रश्नांना गुण नसतात, काही फक्त चाचणीसाठी असतात आणि ते कोणते हे कळत नाही. ५०० पैकी ३५० ला उत्तीर्ण. नापास झाल्यास ६० दिवसांनी पुन्हा, वर्षातून जास्तीत जास्त तीनदा. हुशार माणसं बहुधा दोन ठिकाणी चुकतात. एक, मानसिक लक्षणांमागचं शारीरिक कारण विसरतात: थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, वृद्धांतला संसर्गामुळे झालेला भ्रम. दुसरं, सेरोटोनिन सिंड्रोम आणि न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम या औषधांच्या दोन गंभीर दुष्परिणामांची गल्लत. पहिल्यात काही तासांत सुरुवात, जोरदार प्रतिक्षिप्त क्रिया आणि स्नायूंचे झटके. दुसऱ्यात काही दिवसांत चढणारा, शिशाच्या नळीसारखा ताठरपणा. "सर्वांत आधी काय कराल" असं विचारलं की सुरक्षितता पाहायची, औषध नंतर.

पुढे राज्याचा एपीआरएन, म्हणजे प्रगत नर्सिंगचा, परवाना. आरएनचा बहुराज्यीय परवाना इथे चालत नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा काढावा लागतो. मग आरोग्यसेवा देणाऱ्याची ओळख असलेला दहा अंकी एनपीआय क्रमांक, तो मोफत मिळतो. नियंत्रित औषधांसाठी डीईए या केंद्रीय संस्थेकडे नोंदणी, तीन वर्षांना ८८८ डॉलर. तिच्या अर्जात व्यसनविकारांवरच्या आठ तासांच्या प्रशिक्षणाची कबुली द्यावी लागते. तुमच्या अभ्यासक्रमातले तास त्यात बसतात का, हे विद्यापीठाकडून पदवीआधी लेखी घ्या. त्यानंतर विमा कंपन्यांची पडताळणी, तिला तीन-चार महिने सहज लागतात आणि तोवर तुमच्या नावाने बिल लागत नाही. घरच्यांना हा काळ आत्ताच सांगा आणि तेवढ्या महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. आरएनची नोकरी पहिला पगार येईपर्यंत सोडू नका.

करारात व्यावसायिक विमा "क्लेम्स-मेड" प्रकारचा, म्हणजे विमा चालू असताना आलेल्या दाव्यांपुरताच, असेल तर नोकरी सोडल्यावर मागच्या रुग्णांच्या दाव्यांसाठी लागणारं "टेल" संरक्षण कोण भरणार, ते लिहून घ्या. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला किती रुग्ण, नव्या रुग्णाला किती मिनिटं आणि अडलं तर फोन कुणाला करायचा, हेही त्याच कागदावर यायला हवं. पहिल्याच आठवड्यात वीस रुग्ण आणि पर्यवेक्षक फक्त नावापुरता, अशी नोकरी पगार कितीही असला तरी नव्या पदवीधराने घेऊ नये.